सात भाग आभाळाला

गुरुबसप्पांना सर्दी होता कामा नये, असं चिंच गल्लीनं एकमतानं ठरवलं आणि तिथूनच त्यांच्या नाकाचे दिवस फिरले.

कारण होतं पाणी. लातूरचा जिल्हा नवा झाला होता. पाट्या रंगल्या, भाड्याच्या घरांतून कचेऱ्या उघडल्या, उस्मानाबादचा हेलपाटा वाचला. पावसाला मात्र हा नवा जिल्हा कुणी दाखवला नसावा. तो आलाच नाही. थंडी सरायच्या आधीच गल्लीतला हापसा दम्याच्या म्हाताऱ्यासारखा झाला. दांडा कितीही मारा, नुसत्या धापा टाकायचा. बायका घागरी घेऊन रुळांपलीकडच्या विहिरीवर जायच्या आणि अर्धं पाणी, अर्धी धूळ घेऊन परत यायच्या. वारा सुटला की डाळमिलचा भुसा आणि उघड्या रानांची माती एक होऊन गल्लीवर उतरायची. सगळी गल्ली खोकत होती. पहाटे एका घरानं खाकरावं, समोरच्या घरानं जबाब द्यावा, मग पलीकडच्यानं.

टँकर मागायला गल्ली एकदा नव्या कचेरीत जाऊन आली होती. सगळे एकदम बोलले आणि त्यातले निम्मे खोकले. पाण्याच्या साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी कानांवर हात ठेवले आणि सांगितलं, सोमवारी या, पण आत येऊन एकच माणूस बोलेल.

तो एक माणूस कोण, यावर वाद झाला नाही. गुरुबसप्पा अडत बाजारात दलाल होते. करडीचे, भुईमुगाचे सौदे लावून द्यायचे. बाजारात उघड बोली सुरू झाली होती, तरी जुन्या व्यापाऱ्यांचा भरवसा अजून उपरण्यावरच. दोघांनी हातात हात द्यायचा, वर उपरणं टाकायचं आणि बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं एक अक्षर नाही. असं दिवसभर मुकं राहून तोंडात जे साठायचं, ते सगळं गुरुबसप्पा संध्याकाळी गल्लीत येऊन बोलायचे. ते रागावले की चिंचेवरचे पोपट उडून जायचे आणि दिवेलागणीपर्यंत परत यायचे नाहीत. एवढा राग गल्लीत दुसऱ्या कुणाकडं नव्हता.

आणि गल्लीत न खोकणारे तेवढेच एक उरले होते. त्यामागं काही चमत्कार नव्हता. ते वेळेवर जेवत, भिंतीसारखे झोपत, आणि त्यांच्या रागापायी कुणी त्यांच्या जवळ फिरकत नसे, म्हणून कुणाचा खोकला त्यांच्यापर्यंत पोचत नसे.

पण आता ते गल्लीचा माणूस झाले. शुक्रवारी संध्याकाळी गंगम्मा त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. गंगम्मा गल्लीतली सगळ्यांत थोरली. सगळे तिला अव्वा म्हणायचे आणि तिचं ऐकायचे, कारण न ऐकलं तर ती पुन्हा सांगायची.

"गुरुबसप्पा, शिंकलास का आज?"

"कामून शिंकू?"

"विचारलं. हवा बेकार हाय. सोमवारपतुर तुझा घसा तुझा न्हाई, गल्लीचा हाय. तुझ्या अंगात ताकद भरली पायजे. मी काढा करूलाले."

स्वयंपाकघरातून रत्नम्मा बाहेर आली. गुरुबसप्पांची बायको, अंगानं काटकुळी. तिचा राग आवाजाचा नव्हता. तो तिच्या हातात असायचा. खलबत्त्यात, पोळपाटावर, दाराच्या कडीत. आताही तिच्या हातात बत्ता होता.

"अव्वा, हे ठणठणीत हायत. ह्यांना कशाचा काढा?"

"ठणठणीत हाय तवाच द्यायचा आसतो. आजारी पडल्यावर काय उपेग?"

"आधी डॉक्टरला विचारू," रत्नम्मा म्हणाली आणि नवऱ्याला घेऊन निघाली.

डॉक्टर साहेबरावांचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशी होता. बाकावर खोकणारी माणसं दाटीनं बसली होती. डॉक्टरांनी गुरुबसप्पांची छाती तपासली, घसा बघितला आणि विचारलं, "कशाला आलात? तुम्हाला काय धाड भरलीय?"

"भरू नये म्हणून आलोत," रत्नम्मा म्हणाली. "काय करायचं सांगा."

"काय करायचं न्हाई. नीट झोपा. भाकरी, वरण, भाजी, जे हाय ते पोटभर खा. खोकणाऱ्यापासून लांब राहा. पाणी भरपूर प्या. अन् हात धूत चला साबणानं, घडीघडी."

रत्नम्माचा चेहरा बदलला. "काय म्हणलाव? हात धुवा?"

"हाव."

"कशानं धुवू डॉक्टरसाहेब? डोळ्यांतल्या पाण्यानं? दोन घागरींत घर चालवायलेय मी. भांडी राखेनं, लेकरांची तोंडं ओल्या फडक्यानं. आन् तुम्ही म्हणलाव घडीघडी."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला. त्यांनाही राग आला होता, पण तो तिच्यावर नव्हता. "वहिनी, मी खरं ते सांगितलं. माझी सुई उकळायला कंपाउंडर घरून तांब्या घेऊन येतो. दवा माझ्याकडं हाय, पाणी न्हाई. ते कचेरीत हाय. तिथं विचारा."

"तिथं विचारायलाच हे निघालेत."

"मग ह्यांना झोपू द्या. काढा प्यायला तर घशाला बरं वाटंल, बाकी ताकद काय काढ्यातून येत न्हाई. झोपेतून येती, भाकरीतून येती. अन् त्या गल्लीला दोन दिवस घराबाहेर ठेवा."

गल्लीला घराबाहेर ठेवणं जमण्यासारखं नव्हतं. ते दोघं परत आले तेव्हा गल्ली त्यांच्या अंगणातच बसली होती. गंगम्मानं कुणाच्या तरी परसातला अडुळसा सगळा ओरबाडून आणला होता. तुळस होती, गवती चहा होता, सुंठ, मिरे, लवंगा होत्या. एस.टी.त कंडक्टर असलेल्या शेषेरावांनी निलंग्याच्या फेरीवरून ज्येष्ठमध आणलं होतं. मधोमध गंगम्माचं मोठं तांब्याचं पातेलं, रिकामं.

"आता पाणी," गंगम्मा म्हणाली. "आठ भाग पाणी घालायचं. एक भाग ऱ्हायला की उतरवायचं. माझ्या आजीपासून असंच हाय."

"आन् सात भाग?" रत्नम्मानं विचारलं.

"सात भागाची वाफ व्हती."

"कुठं जाती ती वाफ?"

"कुठं जाणार? वर."

"म्हंजी आभाळाला." रत्नम्मानं बत्ता दुसऱ्या हातात घेतला. "त्यानं आपल्याला काय दिलं म्हणून आपण त्याला सात तांबे द्यायचे? अव्वा, रूळ वलांडून, दोन घटका रांगेत उभं राहून आणलेलं पाणी हाय हे."

मग गंगम्मा घरी गेली आणि एक तांब्या भरून घेऊन आली. तो तिनं पातेल्यात ओतला आणि सगळ्यांकडं बघितलं. म्हातारीनं दिल्यावर बाकीच्यांना बसवेना. एकेक जण उठला. आठ घरांतून आठ तांबे आले. ओतताना प्रत्येक जण थोडं थांबायचा, पोटचं पोर शाळेत सोडताना थांबावं तसं.

रत्नम्मा आत गेली आणि सुंठ कुटायला बसली. कुटता कुटता गाऊ लागली. तिची ओवी ऐकली की गुरुबसप्पांना कळायचं, आज ताटात भाकरी आपटली जाणार.

*आठ घरच्या गं बाया, आठ तांबे घेऊन आल्या,*
*माझ्या धन्याच्या घशाच्या, आठ वाटण्या गं केल्या.*

शेगडी पेटली. पाण्याला आधण आलं, पहिली वाफ उठली आणि सगळ्यांचे डोळे तिच्याबरोबर वर गेले. कुणाचा तरी तांब्या चालला होता.

"थांबा थांबा," शेषेराव म्हणाले. एस.टी.त उभ्या प्रवाशालासुद्धा वाया न घालवणारा माणूस तो. "वाफ मोकळी कामून सोडायलाव? अप्पाला तिच्यावरच बसवू. वाफ नाकात, काढा पोटात. एक थेंब बाहेर जायला नको."

हे सगळ्यांना पटलं. बाज एका कुशीवर उभी केली, तिच्यावर चार घरच्या गोधड्या टाकल्या आणि तंबू केला. आत पातेलं आणि पातेल्यासमोर गुरुबसप्पा.

"मी न्हाई बसणार," गुरुबसप्पा म्हणाले.

"गल्लीसाठी, अप्पा."

"गल्ली गेली खड्ड्यात."

"आवाज बगा काय खणखणीत हाय," शेषेराव कौतुकानं म्हणाले आणि गोधडीचं टोक खाली सोडलं.

आठाचा एक व्हायला वेळ लागतो. शेगडीतले निखारे फुलत होते, आत गुरुबसप्पा शिजत होते आणि बाहेर गल्लीला एक नवीनच काळजी लागली होती. माणूस असा वाफेत बसला तर मऊ पडेल. राग उतरेल. सोमवारी साहेबांपुढं जाऊन हात जोडून उभा राहील. म्हणून शेषेरावांनी गोधडीपाशी तोंड नेऊन सांगितलं, "अप्पा, ऐकलं का? पलीकडच्या गल्लीत टँकर आला. दोनदा."

आतून जो आवाज आला त्यानं पोपट उडाले.

"तय्यार हाय," शेषेराव म्हणाले. "अजून जरा ऊब देऊ." आणि त्यांनी सांगितलं, त्या गल्लीत एकानं टँकरच्या पाण्यानं स्कूटर धुतली. गुरुबसप्पा पुन्हा गरजले. मग कुणी सांगितलं, दुसऱ्यानं म्हैस धुतली. असं करत करत त्यांनी सोमवारचा राग शुक्रवारीच निम्म्यावर आणला.

तेवढ्यात पलीकडच्या शिवकांताबाई तोंडाला पदर लावून आल्या. खोकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक तांब्या माझा पण हाय त्यात. माझी छाती चार रोज झाले दुखायलीय. माझ्या तांब्याची वाफ तरी मला घेऊ द्या की."

याला नाही कसं म्हणायचं? पाणी तिचं होतं. शिवकांताबाई गोधडीखाली गेल्या. त्यांच्यामागून शेषेराव गेले, कारण तांब्या त्यांचाही होता. मग गंगम्मा. मग बाकीची घरं. ज्यांना आत जागा मिळाली नाही त्यांनी डोकी तेवढी आत घातली. अंगणात एक बाज, तिच्यावर गोधड्या आणि गोधड्यांखालून बाहेर आलेले पंधरा-वीस पाय. आत सगळे एकाच हवेत खोकत होते. मधोमध, पातेल्याला चिकटून, गल्लीतला एकमेव निरोगी माणूस.

काढा उतरला तेव्हा एकच वाटी सापडली. प्रत्येकानं आपल्या तांब्याचा एक-एक घोट घेतला आणि शेवटी वाटी गुरुबसप्पांच्या हातात दिली.

रत्नम्मा हे दारातून बघत होती. ती पुढं झाली आणि तिनं बाजेवरच्या गोधड्या एका झटक्यात ओढून काढल्या. आतली माणसं दिव्याच्या उजेडात डोळे चोळत बसून राहिली, भाजीच्या टोपलीवरचं पोतं काढल्यासारखी.

"झालं? घेतली वाफ? आता उठा."

रविवारी सकाळी दूधवाला आला. दुधात पाणी घालतोस का पाण्यात दूध, असं काहीतरी त्याला सुनवायला गुरुबसप्पांनी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. पुन्हा हवा. गल्लीतल्या हापशाचा दांडा मारावा तसा आवाज झाला आणि दूधवाला मागं वळून हापशाकडं बघू लागला.

बातमी पसरली. अंगणात पुन्हा गल्ली. या वेळी सगळे संतापलेले.

"शिवकांताबाईंनीच सगळं केलं. त्या खोकत आत शिरल्या."

"मी? तुम्ही तर वाटीत शिंकलाव, शेषेरावभाऊ."

"मी बाजूला शिंकलो."

"गोधडीत बाजू कुठं असती?"

"आता बोलणार कोण सोमवारी?" गंगम्मा म्हणाली. "गुरुबसप्पा, तुझ्याकडून ही उमेद नव्हती."

तेव्हा रत्नम्मा दारात आली. हातात बत्ता नव्हता, आणि म्हणून जास्त भीती वाटली.

"अव्वा, माझं ऐका. ह्यांना काय झालं नव्हतं. झोपत होते, जेवत होते. तुमचा खोकला, तुमची गोधडी, तुमची वाटी, घसा तेवढा आमचा. बसला तो आता. आन् पाणी? आठ घरांचं पाणी आभाळात गेलं. माझी धाकटी काल विचारायली, आई, आज तोंड धुवायचं का उद्या. मी काय सांगू तिला? अप्पाच्या नाकात गेलं म्हणून सांगू?"

शेषेराव आपल्या चपलांकडं बघत राहिले.

"आता सोमवारपतुर ह्या उंबऱ्याच्या आत कुणी यायचं न्हाई. शेक घेऊन न्हाई, धुरी घेऊन न्हाई, निसतं विचारायला पण न्हाई." तिनं दार लावलं. कडी अशी पडली की गल्लीतल्या बाकीच्या कड्या थरथरल्या.

आत तिनं नवऱ्याला कोमट पाणी दिलं, तुरीचं गरम वरण आणि मऊ भात दिला आणि वाकळ घालून झोपवलं. मग चुलीपुढं बसून ती हळू गात राहिली. या वेळी ओवीत राग होता, पण तो कुणा माणसावर नव्हता.

*मेघराजा रे भावा, सात तांबे तुझ्या हातात,*
*एक तरी उलटव, माझ्या कोरड्या अंगणात.*

सोमवारी ताप नव्हता, अंग हलकं होतं. आवाज मात्र आला नव्हता. तरी जायचं होतं, कारण गल्लीनं ठरवलेला माणूस तेच होते. गुरुबसप्पांनी कपाळाला विभूती लावली, उपरणं खांद्यावर टाकलं आणि उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवलं. पलीकडं कुणीतरी शिंकलं.

निघताना शिंक झाली की परत फिरायचं, जरा बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं, ही तिथली रीत. गुरुबसप्पा परत आले, बसले, घोट घेतला, उठले. समोरच्या घरात शिंक. पुन्हा बसले. तिसऱ्यांदा अंगणापर्यंत पोचले आणि शेषेराव, जे हात जोडून निरोप द्यायला उभे होते, त्यांनीच शिंकून घेतलं. गुरुबसप्पा परत वळले. तांब्या निम्मा झाला होता.

रत्नम्मानं तांब्या उचलून आत ठेवला. "गल्लीला पडसं झालंय. कुणाकुणाच्या शिंकेला बसायचं? असं बसत ऱ्हायलो तर टँकर भरून पाणी हितंच प्यावं लागंल. उठा. मी येते संगं."

"बाईमाणूस कचेरीत?" गंगम्मा म्हणाली.

"पाणी बाईमाणूसच आणतं, अव्वा."

कचेरी म्हणजे एका वकिलाचं जुनं घर होतं. दारावरच्या शिपायानं दोघांना आत सोडलं. टेबलामागं पाण्याचे साहेब, भुजंगराव, गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते. नाक लाल, डोळे त्याहून लाल.

"बसा," शिपाई म्हणाला. "साहेबांचा घसा बसलाय. बोलायचं न्हाई म्हणून डॉक्टरनं सांगितलंय. तुमचं काय असंल ते बोला, साहेब मान हलवतील."

गुरुबसप्पांनी छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं. हापसा वाजला. साहेबांनी चमकून बघितलं.

"ह्यांचा पण बसलाय," रत्नम्मा म्हणाली. मग थांबली नाही. "साहेब, ह्यांना मरणाचा राग आलेला हाय, तो दिसायला न्हाई एवढंच. आमच्या गल्लीत एक पण घर असं न्हाई जिथं कुणी खोकत न्हाई. डॉक्टर म्हणतो, पाणी प्या, हात धुवा. आम्ही आठ घरांनी आठ तांबे जमवले, आटवून एकाचा काढा केला. तो पिऊन ह्यांचा घसा गेला. ताकद यावी म्हणून काढा करायचा का पाणी प्यायचं, ते आता तुम्हीच सांगा. टँकर पायजे. हप्त्यातून चार-पाच तरी."

साहेबांनी मान हलवली. आडवी. मग हात वर करून एक बोट दाखवलं. हप्त्याला एक.

ते बोट बघून गुरुबसप्पांच्या कानशिलाची शीर उडाली. एकच टँकर मिळतोय याचा राग आलाच, पण त्याहून मोठा राग वेगळा होता. चारचौघांत, शिपायासमोर, उघड्यावर बोट दाखवायचं? अशी बोली अडत बाजारात हमालसुद्धा लावत नाही. बोलीची काही अब्रू असते. त्यांनी पुढं वाकून साहेबांचा तो हात धरला, टेबलावर आणला आणि खांद्यावरचं उपरणं त्याच्यावर टाकलं.

शिपाई पुढं धावला. "ओ अप्पा, साहेबांना हात काय लावता?"

पण साहेबांनी दुसऱ्या हातानं त्याला थांबवलं. त्यांच्या लाल डोळ्यांत काहीतरी हललं होतं. भुजंगराव देवणीचे. त्यांच्या बापानं जन्मभर बैलांचे सौदे केले होते, अशाच एका मळक्या कापडाखाली. पोरगं साहेब झालं, पण बोटं घरचीच राहिली. उपरण्याखाली त्यांनी गुरुबसप्पांचं एक बोट दाबलं. एक.

गुरुबसप्पांनी ते झटकलं आणि पाचही बोटं त्यांच्या तळहातात घातली. साहेबांनी त्यातली तीन बाजूला सारली. गुरुबसप्पांनी पुन्हा पाच घातली. साहेबांनी दोन घट्ट धरली आणि डोळे बारीक केले. बैलाचा दात बघून झाल्यावर त्यांचा बाप असेच डोळे करत असणार. गुरुबसप्पा हलले नाहीत. एक मफलरवाला आणि एक उपरणंवाला, दोघे मुके, एकमेकांकडं अशा रागानं बघत बसले की शिपायाला वाटलं, आता मारामारी होणार.

"काय चाललंय हे?" त्यानं रत्नम्माला विचारलं.

"मला काय ठावं? मी आजपतुर ह्यांना बाजारात बघितलंच न्हाई."

वरचा पंखा संथ फिरत होता आणि कचेरीतल्या कागदांची धूळ खाली झाडत होता. साहेबांचं नाक फुरफुरलं. त्यांनी मान वर केली, डोळे मिटले, मफलर ओढायला दुसरा हात उचलला, पण उशीर झाला होता. अशी शिंक आली की टेबलावरचे कागद उडाले. आणि शिंकताना माणसाची मूठ आवळते. साहेबांच्या मुठीत तेव्हा गुरुबसप्पांची पाचही बोटं होती.

गुरुबसप्पांनी उपरणं हळूच ओढून घेतलं, खांद्यावर टाकलं, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि उठले. सौदा झाला होता.

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. हवा आली. त्यांनी हात हलवला, नाकाकडं बोट केलं, मफलरीकडं केलं, पुन्हा तोंड उघडलं. मग आपल्या मुठीकडं बघितलं, दुसऱ्याची असावी तशी. उपरण्याखाली एकदा दाबलेलं बोट परत घेणाऱ्या देवणीच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याशी त्यांच्या बापानं मरेपर्यंत सोयरीक केली नव्हती. साहेब खाली बसले. लालभडक झाले होते. त्यांनी हुकूम असा लिहिला की निब कागदातून खाली गेली, आणि शिपायाला पंजा दाखवला. पाच.

"हप्त्याला पाच," शिपाई म्हणाला आणि त्याचं त्यालाच खरं वाटेना.

बाहेर आल्यावर रत्नम्मानं विचारलं, "काय केलाव तुम्ही त्या कपड्याखाली?"

गुरुबसप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. उपरण्याखालचं बाहेर सांगायचं नसतं. पण बाजार मागं पडेपर्यंत ते आवाज न करता हसत होते, आणि खांदे हलताना बघून तिलाही हसू आवरेना.

पहिला टँकर आला तेव्हा गल्लीनं त्याला हळदी-कुंकू लावलं. पाणी भरता भरता जो तो सांगत होता. शेषेराव म्हणाले, ही त्या वाफेची करामत. अप्पा नक्कीच ऐन वेळी गरजले असणार. गंगम्मा म्हणाली, वाफ कसली, काढ्याचा गुण. रत्नम्मा घागरी भरत राहिली. आत गुरुबसप्पा झोपले होते.

टँकरच्या ड्रायव्हरनं खिडकीतून एक थर्मास बाहेर काढला. "साहेबांनी दिलाय. त्यांचा घसा अजून बसलेलाच हाय. तुमच्या गल्लीत आठाचा एक काढा करतात म्हणं. थोडा द्या म्हणले."

झालं. गंगम्मा ताठ झाली. कचेरीपर्यंत नाव गेलं होतं. ती घरात गेली आणि तांब्याचं पातेलं घेऊन आली. "आता पाण्याची फिकीर न्हाई. सोळा तांबे घालू. साहेबाचा पण व्हईल, आन् गुरुबसप्पाचा पण व्हईल. शेषेराव, बाज काढ. गोधड्या आणा रे."

शिवकांताबाई खोकत खोकत गोधडी घेऊन आल्या. शेगडी आली. रत्नम्मा आडवी येईपर्यंत सगळी मिरवणूक अंगण ओलांडून आत शिरली होती आणि गंगम्मानं झोपलेल्या गुरुबसप्पांच्या अंगावरची वाकळ उचलली होती.

"ऊठ लेकरा. वाफ घ्यायची हाय."

गुरुबसप्पांनी डोळे उघडले. पातेलं दिसलं. गोधडी दिसली. शेषेरावांचं वाहतं नाक अगदी जवळून दिसलं. शुक्रवारपासून जेवढा राग गल्लीनं त्यांच्यात भरला होता, जपला होता, उबवला होता आणि जो कचेरीत खर्चच झाला नव्हता, तो सगळा एकदम वर आला, आणि त्याच्याबरोबर आवाज.

"हात धुवा आधी. अन् आपापल्या घरी जाऊन झोपा. पुन्हा ह्या घरात कुणी गोधडी घेऊन आला तर त्याच गोधडीत बांधून रुळावर नेऊन ठेवीन."

चिंचेवरचे पोपट उठले. टँकरचा ड्रायव्हर खाली बसला. गंगम्माच्या हातातलं पातेलं पडलं आणि उंबरा ओलांडून अंगणभर वाजत गेलं. क्षणात घर रिकामं झालं आणि मग बाहेर, टँकरच्या तोटीपाशी, गल्ली गुमान रांगेत उभी राहून हात धुऊ लागली. गंगम्मा सगळ्यांत पुढं.

रत्नम्मानं थर्मास उचलला, चुलीवरचं गरम पाणी त्यात ओतलं आणि ड्रायव्हरच्या हातात दिला. "साहेबाला म्हणावं, हेच प्या. जेवा. आन् झोपा."

मग तिनं स्वतःचे हात धुतले. पाण्याखाली दोन्ही हात धरून, घाई न करता, बोटांच्या बेचक्यांतून, कोपरापर्यंत. खाली पडणारं पाणी बादलीत धरलं आणि ज्या अडुळशाची पानं सगळी काढ्यात गेली होती, त्याच्या बुडाशी नेऊन ओतलं. परत आली तेव्हा गुरुबसप्पा बाजेवर उठून बसले होते आणि पुढचं वाक्य जुळवत होते.

"खामोश पडा," तिनं वाकळ त्यांच्या अंगावर ओढली. "ह्या हप्त्यातले अजून चार टँकर यायचे हायत. त्यांच्यापुरता राग राहू द्या."